द्राक्षबागा, सायकल आणि एक पेला

पाऊस उघडला आणि सकाळची हवा जरा बोचरी झाली, की नाशिकहून गंगापूर धरण, गिरणारे, दिंडोरी या बाजूंना रविवारी सायकलींची रांग लागते. जाड, दातेरी टायर, आडवे रुंद हँडल, पुढच्या चाकाच्या काट्याला धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा. डांबरी सडक सोडून ही मंडळी बागांमधल्या शिवाररस्त्याने, रामशेजच्या पायथ्याच्या मुरमाच्या वाटेने टेकड्या चढतात. एके काळी याच रस्त्यांवर बागेत कामाला जाणारा मजूर बावीस इंची काळी सायकल दामटत असे. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हते, हा भाग वेगळा. ज्या जिल्ह्यातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आरपार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, तिथे सायकलचे वेड वाढावे यात नवल नाही. डॉक्टर म्हणून मला त्याचा आनंदच आहे. आजची तक्रार सायकलीबद्दल नाही. ती आहे वाटेत थांबून घेतल्या जाणाऱ्या पेल्याबद्दल.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी पस्तिशीतले एक गृहस्थ दवाखान्यात आले. उजवे मनगट सुजून वाकडे झालेले, गालावर खरचटलेले, हातातल्या हेल्मेटला कानाच्या वर चांगला लांब तडा. “उतारावर खडी आडवी आली, डॉक्टर,” ते म्हणाले. मनगटाचे हाड मोडले होते, हे एक्स-रे काढण्याआधीच दिसत होते. मी नेहमीचे प्रश्न विचारले. सकाळपासून तीस-एक किलोमीटर चढ-उतार झाला होता. मग एका वायनरीत थांबून सहा प्रकारच्या वाइनची चव घेतली, जेवताना एक पेला झाला आणि तासाभराने मंडळी टेकडी उतरायला निघाली. “पण नशा अजिबात नव्हती हो,” हे त्यांनी दोनदा सांगितले.

ते खोटे बोलत नव्हते. खरी अडचण तिथेच आहे.

हिशेब करून पाहू. चवीसाठी दर वेळी ३० मिलिलिटरच ओतली असे धरले, तरी सहा प्रकारांची १८० मिलिलिटर होते. जेवणातला पेला १५० मिलिलिटरचा. वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे एकूण ३० ग्रॅमच्या वर शुद्ध अल्कोहोल पोटात गेले. माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. ते घाईने होत नाही. कॉफी प्यायल्याने नाही, घाम गाळल्यानेही नाही. म्हणजे तीन-चार तास ते रक्तात राहणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असले तर वाहन चालवणे गुन्हा आहे. माझे गृहस्थ मोटारसायकलवर असते तर बहुधा या रेषेच्या वर भरले असते. ते कलम सायकलला लागू नाही, म्हणून सायकलवाल्याला वाटते की आपल्याला मुभा आहे. कायद्याने सोडले तरी उतार सोडत नाही.

ताशी ३६ किलोमीटर हा उतारावर काही फार वेग नव्हे, हाताने ब्रेक न आवळता सहज येतो. त्या वेगाने सायकल दर सेकंदाला १० मीटर पुढे जाते. खड्डा दिसल्यापासून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला, तर ५ मीटर जमीन फुकट गेली. डांबरावर एक वेळ निभावेल. मुरमावर, वळणावर, एखादी बैलगाडी किंवा फवारणीचा ट्रॅक्टर समोर आला तर नाही. अल्कोहोलने पहिल्यांदा बोबडी वळत नाही, पहिल्यांदा हा अर्धा सेकंद जातो, आणि त्याच वेळी आपण फार छान चालवतो आहोत असे वाटू लागते.

चढ चढून आलेल्या शरीराला तर हा पेला जास्तच लागतो. दोन-तीन तास चढ मारल्यावर घामाने पाणी गेलेले असते. लघवीचे प्रमाण आटोक्यात ठेवणारे जे संप्रेरक मेंदूतून येते, ते अल्कोहोलने दबते, आणि उरलेले पाणीही बाहेर पडू लागते. यकृतात साठवलेली साखर चढावर खर्ची पडलेली असते. ती नव्याने तयार करण्याचे यकृताचे काम अल्कोहोल अडवते. त्यामुळे तासा-दोन तासांनी साखर उतरून हात थरथरणे, घाम, अंधारी असे काही झाले तर त्यात आश्चर्य नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांना, किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका खराखुरा आहे. सोबत्यांना वाटते, चढली असेल; प्रत्यक्षात साखर उतरलेली असते. अशा वेळी झोपू देऊ नये. शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्यावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

“पण लाल वाइन हृदयाला चांगली ना?” हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्या मित्राने विचारला. ही समजूत १९९०च्या दशकात फ्रेंच लोकांच्या हृदयाच्या चर्चेतून जगभर पसरली. तेव्हाच्या अनेक पाहण्यांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेली माणसेही मोजली गेली होती, साहजिकच पिणारे जास्त धडधाकट दिसले. ही चूक पुढे लक्षात आली. अल्कोहोल हे कर्करोगकारक असल्याचे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच नोंदवले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की अल्कोहोलचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाण नाही. लाल वाइनमधल्या ज्या द्रव्याचे गोडवे गातात, ते काळ्या द्राक्षाच्या सालीत असते. द्राक्षे आपल्या जिल्ह्यात काही कमी पडत नाहीत.

कुणी म्हणेल, डॉक्टर द्राक्ष बागायतदाराच्या पोटावर पाय देतात. तसे नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयावरून केवढे रण माजले, ते सर्वांना आठवत असेल. त्या वादात मला पडायचे नाही. ज्याला वाइन प्यायची त्याने मुक्कामाच्या ठिकाणी, सायकल कुलूप लावून ठेवल्यावर काय ते ठरवावे. वाइन पारखण्याचा ज्यांचा धंदा आहे ते लोक चव घेऊन थुंकून टाकतात. आपल्याकडे मात्र पैसे दिलेत म्हणून शेवटचा थेंबही गिळला जातो!

सायकल डोंगरात नेण्याचे हे वेड जिथे रुजले तो कॅलिफोर्नियातला मरीन काउंटी भाग नापा आणि सोनोमा या प्रसिद्ध द्राक्षप्रदेशांच्या शेजारचाच. १९७६ साली तिथल्या तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका मातीच्या उतारावर शर्यती सुरू केल्या. सुमारे तीन किलोमीटरात चारशे मीटरचा उतार. मागे पॅडल मारून लागणारे त्यांचे ब्रेक इतके तापत, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर ब्रेक उघडून ग्रीस पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. आजचे डिस्क ब्रेक चांगले आहेत, पण ते दाबणारी बोटे तीच आहेत. उतार लागण्याआधी सीट खाली घ्यावी, अंग मागे झुकवावे, दोन्ही पॅडल सारख्या उंचीवर ठेवावीत आणि वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. नुसता पुढचा ब्रेक आवळला की माणूस हँडलवरून पुढे जातो. माझे गृहस्थ तसेच गेले.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरगावच्या पाहुण्यांना ठाऊक नसते. सायकलीचा हंगाम आणि ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांचा हंगाम एकच. केवडा आणि भुरीसाठी बागेत पहाटेपासून ब्लोअर चालू असतो. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, चढावर धापा टाकणारा त्याच्या आठ-दहा पट घेतो. तेव्हा ब्लोअरचा आवाज आला की वाऱ्याच्या वरच्या अंगाने जावे किंवा थांबून राहावे, आणि वेलीवरची द्राक्षे तोडून न धुता तोंडात टाकू नयेत. फवारणारा मजूर मात्र दिवसभर त्यातच उभा असतो, बहुतेक वेळा तोंडाला नुसता रुमाल बांधून. त्याच्याविषयी वेगळे लिहायचे आहे.

माझी सूचना वायनरीवाल्यांना आणि सायकल सहलींच्या आयोजकांना आहे. सायकलीने आलेल्या पाहुण्याला चव द्यायची असेल, तर त्याची सायकल टेम्पोत घालून त्याला खाली पोचवण्याची सोय आधी करा आणि तो खर्च सहलीच्या पैशातच धरा. तशी सोय नसेल तर त्याला पाणी, लिंबूसरबत, द्राक्षाचा ताजा रस आणि मूठभर मनुका द्या. हेल्मेट नसलेल्याला सहलीत घेऊच नका. त्या दिवशी हेल्मेटला गेलेला तडा कवटीला गेला असता, तर ते गृहस्थ माझ्या दवाखान्यापर्यंत चालत आले नसते.

सहा आठवड्यांनी त्यांचे प्लास्टर काढले. मनगट अजून ताठ होते, म्हणून कोमट पाण्यात बोटे उघडझाप करण्याचा व्यायाम दिला आणि आणखी दीड महिना डोंगर नको असे बजावले. ते तडा गेलेले हेल्मेट त्यांनी जपून ठेवले आहे. मी म्हटले, ठेवा, पण घालू नका, एकदा आपटलेले हेल्मेट दुसऱ्यांदा कामाचे राहत नाही. नवे घ्यायला ते परस्पर मेन रोडला गेले.