तोफांचा ठाव आणि जनतेचा पैसा

१९९९ च्या कारगिल युद्धात शत्रूच्या दूर पल्ल्याच्या तोफांचा ठाव घेणारी रडारे भारतीय सेनेपाशी नव्हती. या उणिवेची किंमत शेतकरी-कामकऱ्यांच्या मुलांनी रक्ताने मोजली. उडत्या गोळ्याच्या मार्गावरून तोफेची जागा हेरणारे हे यंत्र २००२ च्या करारान्वये अमेरिकेकडून विकत घ्यावे लागले. स्वदेशी ‘स्वाती’ सेनेच्या हाती पडले ते २०१७ साली. ‘स्वाती’ आणि पुण्यात आकारास आलेला ‘पिनाक’ अग्निबाण सार्वजनिक क्षेत्राचे सामर्थ्य सिद्ध करतात. प्रश्न कर्तृत्वाचा नसून धोरणाचा आहे. युद्ध पेटल्यावर परदेशी बाजारात थैली रिकामी करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. शांततेच्या काळातच सरकारी प्रयोगशाळांना अखंड निधी मिळाला पाहिजे आणि त्यातील पै न् पैचा हिशेब संसदेने मागितला पाहिजे.