घर आवरू नका

गणपती जवळ आले की रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातल्या वाड्यांवर साफसफाईची धांदल उडते. मुंबईकर मुलगा दोन दिवस आधी येतो आणि आईला नीट दिसत नाही म्हणून काळजीने घर आवरतो. कळशी इकडची तिकडे, गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर, बसायचा स्टूल माजघरात. विसर्जन झालं की तो गाडी पकडतो आणि आई स्वतःच्याच घरात चाचपडत फिरते. नजर अधू झाली की घर हातापायांना पाठ असतं; ते पाठांतर या आवरण्यात मोडतं.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. बाप्ये मुंबईला आणि घर बायकांवर, ही इथली जुनीच रीत. त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात.

दुसरी हौस लादीची. सारवलेली जमीन जाऊन चकचकीत पांढरी लादी आली. मोतीबिंदूच्या डोळ्याला त्यावरची तिरीप सहन होत नाही, मग सांडलेलं पाणी कुठलं दिसायला? उंबरठा, पायरी, न्हाणीची कड, सगळं एकाच रंगाचं. बाहेर जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, ते वेगळंच.

२०२४मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजूंना ३,००० रुपये मिळतात. चष्मा, काठी, कमोड खुर्ची घेता येते. चांगलंच आहे, पण घसरड्या न्हाणीत नुसती काठी किती पुरणार? आणि मोतीबिंदू असेल तर तो आधी काढून घ्या. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं ६६ टक्के कारण तोच निघाला, आणि सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया फुकट होते.

तेव्हा चाकरमान्यांनो, यंदा मखराच्या खर्चातून रंगाचा एक छोटा डबा काढा. प्रत्येक पायरीच्या कडेला चार बोटं रुंद पिवळा पट्टा ओढा. शेवाळ खरवडा. पडवीपासून संडासापर्यंत हाताला लागेल असा कठडा बांधा. न्हाणीतला झिरोचा बल्ब बदला; वीज गेली तरी पेटेल असा चार्जिंगचा एक लावा. हाताला कळावं म्हणून सकाळच्या गोळ्यांच्या डबीला एक रबर गुंडाळा, रात्रीच्या डबीला दोन. आणि एखादी वस्तू हलवायचीच असेल, तर आधी आईला विचारा आणि तिचा हात धरून नवी जागा दाखवा.