हिवाळ्यातले प्राग आणि आपली घाई

युरोपचा प्रवास म्हणजे एप्रिल-मेच्या सुट्टीत उरकावयाचा एक विधी, हा समज आपल्या मध्यमवर्गात इतका दृढमूल झाला आहे की, डिसेंबरात त्या खंडाकडे निघालेला मनुष्य एक तर नोकरीच्या कामाने चालला असावा किंवा त्याच्या लेकाचे वा लेकीचे बिऱ्हाड तिकडे असावे, असेच लोक धरून चालतात. हिमाची हौस आपल्याला नाही असे मुळीच नाही. पण ती आपण स्वित्झर्लंडमधील एखाद्या शिखरावर पाळण्यातून चढून, एकमेकांच्या अंगावर बर्फाचे गोळे फेकून, तासाभरात फेडून घेतो आणि खाली उतरून पुढल्या गावाच्या बसमध्ये बसतो. हिम पडत असता माणसे कशी वावरतात, बाजार कसा भरतो, नगर आपला कारभार कसा हाकते, हेही प्रेक्षणीय असू शकते, ही कल्पना प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत आढळत नाही आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही तिचा आग्रह धरीत नाही.

माझे मत असे की, युरोपातले जुने नगर पाहावे ते हिवाळ्यात, आणि एका सुट्टीत एकच पाहावे. उदाहरणादाखल झेक देशाची राजधानी प्राग घेऊ. डिसेंबरात तेथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. तोही ढगांआड असला तर उजेड म्हणून जो काही मिळतो तो आपल्याकडील आषाढातल्या एखाद्या दुपारइतकाच. इतक्या आखूड दिवसात किल्ला, पूल, चौक, वस्तुसंग्रहालय आणि खरेदी असा भरगच्च कार्यक्रम बसतच नाही. निवड करावी लागते, आणि ही सक्ती प्रवाशाच्या हिताची असते. हिम मात्र हुकमी नाही, हे आधीच सांगितलेले बरे. प्रागमध्ये कित्येक दिवस नुसती भुरभुर आणि चिखल असतो. केवळ शुभ्र छपरांच्या छायाचित्रासाठी जाणाऱ्याने विमानाचे भाडे वाचवावे.

पण हिम पडलेच, तर प्रथम व्हल्टावा नदीवरचा चार्ल्स पूल गाठावा, आणि तो सकाळी लवकर. चौथ्या चार्ल्स राजाच्या कारकिर्दीत १३५७ मध्ये या दगडी पुलाचा पाया घातला गेला. आज त्याच्या कठड्यांवर जे तीस पुतळे आणि पुतळ्यांचे समूह दिसतात, ते बहुतेक त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी उभे राहू लागले, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या जागी आता प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती पावसापाण्यापासून वाचविण्यासाठी आत नेऊन ठेविल्या आहेत. संतांच्या खांद्यांवर हिमाचा थर बसलेला असतो, चौथरे पांढरे झालेले असतात. नेपोमुकच्या योहानाच्या पुतळ्याखालची पितळी चित्रफलकाची जागा तेवढी, भाविकांच्या आणि हौशींच्या बोटांनी घासून घासून, त्या पांढऱ्या-काळ्या देखाव्यात पिवळीजर्द चकाकत असते.

याच प्राग नगरात दुसऱ्या रुडॉल्फ बादशहाच्या दरबारी शाही गणिती म्हणून योहान्नेस केप्लर हा ज्योतिर्विद चाकरीला होता. हुद्दा थोर, परंतु खजिन्यातून तनखा वेळेवर निघेल याची शाश्वती नाही, अशी त्याची स्थिती. नववर्षानिमित्त आपल्या एका मित्रास, जो त्याचा आश्रयदाताही होता, काय नजराणा द्यावा या विवंचनेत तो पुलावरून चालला असता अंगरख्यावर हिमकण पडले आणि ते सारे षट्कोनी आहेत हे त्याच्या ध्यानात आले, अशी हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेविली आहे. षट्कोनी हिमकणांवरची त्याची ती छोटीशी पुस्तिका १६११ मध्ये छापली गेली. कण पाच वा सात कोनांचे का नसावेत, या प्रश्नाचा पाठलाग करता करता तो मधमाश्यांच्या पोळ्याकडे, डाळिंबाच्या दाण्यांकडे आणि तेथून सारख्या आकाराचे गोल कमीत कमी जागेत कसे रचावेत या कोड्यापर्यंत पोहोचला. त्या कोड्याचे त्याने तर्काने दिलेले उत्तर बरोबर होते, हे सिद्ध करावयास टॉमस हेल्स या गणितज्ञाला १९९८ साल उजाडावे लागले, तेही संगणकाच्या साहाय्याने. हिमकणाच्या मूळ प्रश्नाचा उलगडा मात्र केप्लरला झाला नाही आणि तसे त्याने प्रांजळपणे नमूद केले. गोठताना पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात, हे कळण्यास विसावे शतक यावे लागले. पुलावर घटकाभर थांबून बाहीवरचा एक कण न्याहाळण्याची सवड ज्या प्रवाशाला नाही, त्याने प्राग पाहिले असे मी तरी मानणार नाही.

नदी ओलांडून जुन्या नगराच्या चौकात आले की, १४१० सालच्या खगोलीय घड्याळाखाली दर तासाला जमणारा जमाव भेटतो. सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून प्रेषितांच्या बाहुल्या सरकतात, कोंबडा आरवतो, आणि मिनिटभराच्या या खेळासाठी उंचावलेले शेकडो मोबाइल खाली येताच जमाव पांगतो. पाहण्याजोगी असते ती तबकडी, आणि पंचांगाची सवय असलेल्या आपल्या मंडळींना तर ती अधिकच रुचावी. तिच्यावर बारा राशींचे वर्तुळ आहे. सूर्य आणि चंद्र त्यातून फिरतात. चंद्राचा गोल अर्धा रुपेरी आणि अर्धा काळा असल्याने कलाही कळते. सर्वांत बाहेरचे कडे सूर्यास्तापासून चोवीस तास मोजते. म्हणजे या जुन्या बोहेमियन हिशेबाने डिसेंबरातला नवा दिवस आपल्या दुपारच्या चहाच्या वेळी सुरू होतो. त्याखालच्या कालदर्शिकेवर योसेफ मानेस या चित्रकाराने रंगविलेल्या बारा महिन्यांच्या चित्रांची नक्कल आहे, आणि डिसेंबरच्या चित्रात डुक्कर मारण्याची ग्रामीण रीत आहे. चौकातल्या नाताळच्या बाजारात प्राचीन बोहेमियन पक्वान्न म्हणून त्रदेल्निक नावाची पोकळ गोड पोळी विकली जाते. ती खुशाल खावी, मात्र तिच्या प्राचीनतेवर विश्वास ठेवू नये.

खरा सण पाहावयाचा तर वस्तीच्या रस्त्यांवर जावे. नाताळच्या आधीच्या दिवसांत नाक्यानाक्यावर पाण्याने भरलेल्या मोठ्या टाक्या मांडलेल्या असतात आणि त्यांत दक्षिण बोहेमियाच्या तळ्यांतून आणलेले जिवंत कार्प मासे वळवळत असतात. हा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, आपल्याकडे शेततळ्यांतही पाळला जाणारा मासा. रबरी झगा घातलेला विक्रेता जाळीने मासा उचलतो, तोलतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, कापून हवा की जिवंत. जिवंत नेणाऱ्यांच्या घरी तो सणापर्यंत न्हाणीघरातल्या टबात पोहत राहतो, मुले त्याला नाव ठेवतात, आणि मग चोवीस तारखेच्या संध्याकाळी तो तळून बटाट्याच्या सॅलडबरोबर पानात येतो. निदान काही घरांत मुलांच्या रडण्यामुळे त्याची रवानगी नदीत होते, असेही ऐकिवात आहे. त्याचा एखादा खवला वर्षभर पाकिटात जपला तर पैशाची चणचण भासत नाही, अशी तेथील समजूत. मत्स्यबाजाराशी ज्यांची जन्मापासूनची ओळख, त्या कोकणी आणि गोमंतकीय वाचकांनी तरी या टाक्यांपाशी उभे राहण्यासाठी संग्रहालयातला एक तास खर्ची घालावा.

जानेवारीत जाणाऱ्याने व्हेन्सेस्लास चौकाच्या वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, फरसबंदीतून उसळल्यासारखा दिसणारा काशाचा क्रूस शोधावा. सोव्हिएत आक्रमणानंतर समाजात आलेल्या निमूटपणाच्या निषेधार्थ यान पालाख या विद्यार्थ्याने १६ जानेवारी १९६९ रोजी येथे स्वतःला पेटवून घेतले आणि तीन दिवसांनी तो मृत्यू पावला. त्या सुमारास तेथे मेणबत्त्या आणि फुले असतात. उन्हाळी सहलीत या जागेवरून आपली मंडळी खरेदीला जातात.

थंडीचा बाऊ होतो तितका करण्याचे कारण नाही. घरे, ट्राम आणि कॉफीगृहे उबदार असतात. खरा धोका पायाखाली आहे, कारण प्रागचे पदपथ लहान दगडी ठोकळ्यांचे असून ओल्या हिमात ते निसरडे होतात. म्हाताऱ्या माणसांनी खाचांच्या तळव्याचे बूट घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. शेंगेन व्हिसा चालतो, चलन मात्र युरो नसून कोरुना आहे.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती की, पुढल्या वर्षी प्रवासी कंपनीकडे आठ शहरांच्या पत्रकाऐवजी एका शहराच्या पाच हिवाळी दिवसांची मागणी करावी. गिऱ्हाईक मागू लागले की पत्रके बदलतात. आणि मुक्काम नाताळात असेल तर २४ डिसेंबरच्या जेवणाची तजवीज आदल्या दिवशीच करून ठेवावी, कारण त्या दिवशी दुपारनंतर मोठी दुकाने कायद्यानेच बंद असतात.