स्टेजपासून ४४० किलोमीटर

दीपनगरला आमच्या क्वार्टरच्या मागे एक कट्टा आहे. तिथून वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात. सुट्टीत सगळे घरी आले की रात्री जेवणानंतर तिथे मैफल जमते. परवा असाच विषय निघाला : तू पाहिलेली सगळ्यात भारी लाइव्ह कॉन्सर्ट कोणती?

पहिला नंबर लावला पुण्याला शिकणाऱ्या दादाने. जानेवारी २०२५, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, कोल्डप्ले. हातातले एलईडी पट्टे एकदम पेटले तेव्हा त्याला म्हणे क्षणभर काही ऐकूच आलं नाही, इतका तो बघत राहिला. दुसरी मैत्रीण त्याच टूरच्या अहमदाबादच्या शोला गेलेली. भुसावळहून रात्रीची गाडी, अमळनेर, नंदुरबार, सुरत करत सकाळी अहमदाबाद. तिला गाण्यांइतकीच ती गाडी आठवते, कारण अर्ध्या डब्यात गिटार नसलेले गिटारवाले बसले होते!

मग बोलले कॉलनीतले एक काका. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते मुंबईत इंजिनीअरिंगला होते. त्यांची कॉन्सर्ट म्हणजे धोबीतलावचं रंगभवन आणि १९८६ साली सुरू झालेलं ‘इंडिपेन्डन्स रॉक’. परदेशी बँड नाही, लेझर शो नाही. आपलीच कॉलेजची पोरं स्टेजवर आणि आपलीच पोरं खाली, भर पावसात. ‘कपडे वाळायला दोन दिवस लागले, पण घसा बसला तो आठवडाभर,’ काका सांगत होते.

माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगितलं. २६ जानेवारी २०२५ चा अहमदाबादचा शो मी हॉटस्टारवर पाहिला. मोबाइलवर, पांघरुणात, एकाच इयरफोनवर, कारण दुसरा भावाच्या कानात होता. सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना एक प्रश्न डोक्यात राहिलाच. या आठवणी नेमक्या कुणाच्या वाट्याला येतात?

तिकीट हा फक्त सुरुवातीचा खर्च

आकडे बघू. कोल्डप्लेच्या मुंबईतल्या शोची तिकिटं साधारण अडीच हजारांपासून सुरू झाली आणि लाउंजचं तिकीट ३५ हजारांपर्यंत गेलं. २२ सप्टेंबर २०२४ च्या दुपारी विक्री सुरू झाली आणि काही वेळातच ऑनलाइन रांग लाखांच्या घरात गेली. आयोजकांना त्याच दिवशी तिसरा शो जाहीर करावा लागला. पुढच्या काही तासांत तीच तिकिटं पुनर्विक्रीच्या साइटवर लाखोंच्या भावाने झळकली. पोलिसांची चौकशी झाली, ईडीचे छापे पडले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. जानेवारी २०२५ मध्ये ती जनहित याचिका फेटाळली गेली. हा विषय कायदे करणाऱ्यांचा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे चेंडू सरकारच्या कोर्टात.

आता आपल्याकडचा हिशोब मांडा. भुसावळ ते मुंबई साधारण ४४० किलोमीटर. अडीच हजारांचं तिकीट नशिबाने मिळालंच, तर जाण्यायेण्याचं रिझर्व्हेशन, ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर लोकलने नेरुळ, खाणंपिणं, आणि शो संपल्यावर रात्र काढायला कुणीतरी ओळखीचं. नातेवाईक नसेल तर लॉज. मुलगी असेल तर ‘रात्री एकटी कशी येशील?’ हा घरचा प्रश्न, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. मुंबईतल्या पोराला जो खर्च एका संध्याकाळचा, तोच आपल्याला तीन दिवसांचा पडतो. माझ्या आजोबांनी हा हिशोब ऐकून एवढंच विचारलं, ‘इतले पैसे देऊन उभंच राहायचं?’

ही चैन आहे, सरकारने का बघावं?

हा आक्षेप रास्त आहे. केळीला भाव नाही, भरत्या अडकल्यात, आणि तुम्हाला कॉन्सर्ट सुचतेय? पण गंमत अशी की सरकार यात आधीपासूनच आहे. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन अंधेरीला नाचला, तेव्हा त्या कार्यक्रमाला करमणूक करातून सूट देण्यात आली होती. त्यावरून कोर्टकचेरी झाली आणि विषय मार्गी लावणारा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय यायला २०२१ उजाडलं. कोल्डप्लेच्या अहमदाबाद शोसाठी रेल्वेने मुंबईहून विशेष गाड्या सोडल्या. त्या शोनंतर दोनच दिवसांनी भुवनेश्वरच्या भाषणात पंतप्रधानांनी याच कॉन्सर्टचा दाखला देत ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’ची गोष्ट केली. पोलीस बंदोबस्त, मैदानं, ट्रॅफिक, गाड्या हे सगळं सार्वजनिकच आहे. मग त्याचा फायदा मोजताना फक्त हॉटेलच्या खोल्या आणि विमानाची तिकिटंच का मोजायची? दीपनगरच्या पोराला आत जाता आलं का, हेही मोजा की.

आणि आमचं तर याहून जवळचं नातं आहे. दीपनगरची वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. म्हणजे त्या स्टेडियमच्या लाइटमध्ये थोडीफार आमच्या चिमण्यांची मेहनतही असणारच. राख इकडे, रोषणाई तिकडे!

करता येण्यासारखं काय?

पहिलं, स्वस्त तिकिटांचा कोटा. हे स्वप्न नाही. कोल्डप्लेनेच या टूरमध्ये ‘इन्फिनिटी तिकीट’ ठेवलं होतं. मुंबईत त्याची किंमत दोन हजार, एकाला जास्तीत जास्त दोनच, तेही जोडीनेच घ्यायची. सीट कुठली ते आयत्या वेळी कळणार. मोठ्या स्टेडियमचं मैदान वापरायला देताना अशी काही तिकिटं विद्यार्थ्यांसाठी ठेवण्याची अट घालता येईल. ओळखपत्राला जोडलेलं तिकीट आणि मूळ किमतीतच परत विकण्याची सोय केली, तर काळ्या बाजाराची बरीच हवा निघेल. यात तोटाही आहे : अचानक आजारी पडलात तर तिकीट मित्राला देणं कटकटीचं होईल. पण एका मित्राची कटकट परवडली, लाखाचं तिकीट नाही.

दुसरं, कॉन्सर्ट महानगरातच का? डिसेंबर २०२४ मध्ये ब्रायन ॲडम्स भारतात आला, तेव्हा मुंबई, बंगळुरूसोबत शिलाँगलाही गायला. शिलाँग काही आर्थिक राजधानी नाही. पण तिथे अनेक पिढ्यांपासून रॉक ऐकणारी आणि वाजवणारी माणसं आहेत, आणि मेघालय सरकार संगीताकडे पर्यटन म्हणून बघतं. म्हणजे आधी ऐकणारे तयार झाले, मग मोठा स्टार आला.

आपल्याकडे ऐकणारे नाहीत, असं कोण म्हणतं? जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव शास्त्रीय संगीतासाठी दरवर्षी रसिक जमवतो. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर मिळणारे व्ह्यूज बघून भले भले चाट पडतात. लग्नाच्या सीझनमध्ये आपल्या बँडवाल्यांचे आणि साउंडवाल्यांचे बुकिंग मिळत नाही. विद्यापीठाच्या ‘युवारंग’मध्ये गाणारी, वाजवणारी पोरं दरवर्षी दिसतात आणि बक्षीस घेऊन गायब होतात. स्पीकर आहेत, वादक आहेत, पब्लिक आहे. नाही ते वर्षभर चालणारं स्टेज. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार अशा चार कॉलेजांनी मिळून चार संध्याकाळी ठरवल्या, तिकीट शंभर रुपये ठेवलं, तरी काकांच्या रंगभवनाची सुरुवात याहून फार वेगळी नव्हती.

पण आधी गेट मोजा

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीनच्या ‘कुसॅट’ विद्यापीठात टेकफेस्टमधल्या कॉन्सर्टआधी चेंगराचेंगरी झाली. ओपन एअर सभागृह, बाहेर थांबलेली गर्दी, अचानक पाऊस, आणि उताराच्या पायऱ्यांवरून आत शिरण्याची घाई. चार जण गेले. स्टार मोठा असो की लहान, गेट किती, बाहेर पडायचे रस्ते किती, पाऊस आला तर माणसं कुठे जातील, हे पोस्टर छापायच्या आधी ठरलं पाहिजे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंदचा नियम पाळायचा, हेही आलंच. मुंबईच्या रंगभवनातले कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमामुळेच थांबले. दवाखान्यातल्या पेशंटला झोप हवी, हे बरोबरच होतं. पण त्या स्टेजला पर्यायी जागा वेळेवर उभी राहिली नाही आणि एका पिढीचा अड्डा मोडला. आपण जागा निवडताना हे आधीच लक्षात ठेवू शकतो.

मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे, मे महिन्यात गन्स एन रोझेस, दोन्ही महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. पुढेही येत राहतील. जमेल त्यांनी जरूर जा, आल्यावर कट्ट्यावर सांगा.

परवा निघताना काकांना मी विचारलं, ‘रंगभवनला त्या दिवशी कोणता बँड होता?’ काका थांबले, आठवून बघितलं आणि म्हणाले, ‘बँडचं नाव नाही आठवत रे. शेजारी कोण भिजत उभं होतं, ते सगळं आठवतं.’

मोबाइलवर मला गाणी सगळी नीट ऐकू आली होती. शेजारी भिजणारं कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी ते इथेच, भुसावळात असावं, एवढीच माझी मागणी आहे.