‘डर’ पाहून टाळ्या कुणाला?

मागे एका स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलाने ‘क्...क्...किरण’ अशी नक्कल केली. सगळे हसले. मीही हसलो. 1993 च्या डिसेंबरात यश चोप्रांचा ‘डर’ आला तेव्हा शाहरुखची हीच नक्कल आम्हीही करायचो.

घरी येऊन सिनेमा पुन्हा पाहिला. कॉलेजपासून मागे लागलेला राहुल, नौदलातला सुनील आणि मध्ये किरण. याला प्रेमाचा त्रिकोण म्हणतात! किरणने राहुलला कधी होकारच दिलेला नाही, मग तिसरा कोन आला कुठून? तो फोन करून छळतो, छातीवर तिचं नाव कोरतो, सुनीलच्या जिवावर उठतो. तरी टाळ्या त्यालाच. सिनेमाभर घाबरलेली जुही चावला कुणाला आठवत नाही.

उर्दूच्या तासाला ‘जुनून’ हा शब्द मी फार प्रेमाने शिकवतो. पण ग़ज़लमधला दीवाना स्वतःचं गिरेबान फाडतो, दुसऱ्याच्या घरात घुसत नाही. हे मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. कायद्यालाही पाठलाग हा वेगळा गुन्हा म्हणून लिहायला 2013 साल उजाडलं, कलम 354-ड.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, “किरणच्या जागी तुमची बाजी असती तर?” मुलं गप्प. तास संपल्यावर एक मुलगी थांबली. “सर, रोज एक जण मागे येतो. घरी कळलं तर अब्बू शाळा बंद करतील.”

एका शिक्षिकेला सोबत घेऊन तिच्या घरी गेलो. अब्बूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न विचारला तो मुलीच्या वागण्याबद्दल.