'फेलिंग विच' म्हणजे नापास?

इंग्रजीच्या उताऱ्यात दहापैकी दहा मार्क घेणाऱ्या मुलीला मोबाईलवरचा दोन ओळींचा इंग्रजी मेसेज कळला नाही, तर चूक कुणाची? मुलीची नाही, एवढं सुरुवातीलाच सांगून टाकतो. बाकी भांडण खाली.

घरची मंडळीही हे वाचतात म्हणून आधी खुलासा. दादाची आणि माऊची, दोघांचीही परवानगी घेतली आहे. माऊ म्हणाली, "लिहा काका, पण माझे मार्कही लिहा." लिहिले बरं. :-)

तर झालं असं. आमचं गाव मेहकर-लोणार रस्त्यापासून थोडं आत. २०२३ च्या दिवाळीला गावी गेलो, तेव्हा दादा तोंड पाडून बसलेला. सोयाबीनचे पैसे खात्यात जमा झालेले, पण काढता येईनात. हरभऱ्याचं बियाणं आणि खत उधारीवर आणावं लागलं. बँकेत विचारलं तर म्हणे, आम्ही तुम्हाला महिन्याभरापूर्वीच कळवलं होतं.

कळवलं होतं खरं. मेसेज मोबाईलमध्ये होता: 'प्लीज अपडेट युवर केवायसी बिफोर थर्टीफर्स्ट ऑक्टोबर, फेलिंग विच ट्रान्झॅक्शन्स इन युवर अकाउंट मे बी रिस्ट्रिक्टेड.' दादानं तो तेव्हाच माऊला वाचायला दिला होता. माऊ दहावीला. तिनं खाडखाड वाचला, उच्चारही चांगले. दादा म्हणाला, "वाचलं बराबर, पन लिहेल काय हाय त्यात?" माऊनं विचार केला. फेलिंग म्हणजे नापास होणे. विच म्हणजे कोणता. रिस्ट्रिक्टेड यादीत नव्हता. "बाबा, कायतरी फेल झालं, पन कोनतं थे नाही सांगेल." व्यवहार अधूनमधून फेल जातातच. दादानं मोबाईल खिशात टाकला.

मराठी शेतकऱ्याला बँक इंग्रजीत का कळवते, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. ते भांडण वेगळं आहे आणि तेही करायलाच हवं. पण आज दुसरं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माऊ दहा वर्षं इंग्रजी शिकतेय. मी तिची वही मागितली. उतारेच उतारे, सगळीकडे बरोबरच्या खुणा. "कसं सोडवतेस गं?" तिनं युक्ती सांगितली. उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न वाचायचा. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा. सापडला की ते वाक्य उतरवायचं. वेळ वाचतो, मार्क जात नाहीत.

युक्ती किती पक्की आहे ते तुम्हीच पाहा. हा एक उतारा:

'चिरबट टिंबोळाने सात लिरपी खिरपल्या. त्यामुळे गावातले सगळे घुमके फटाळले.'

टिंबोळ कसा होता? चिरबट. त्याने किती लिरपी खिरपल्या? सात. घुमके का फटाळले? कारण टिंबोळाने सात लिरपी खिरपल्या. शाब्बास, तीनपैकी तीन! आता सांगा, गावात झालं काय? मला माहीत नाही. मीच लिहिलंय तरी माहीत नाही.

याला आपण आकलनाचा सराव म्हणतो. माझं म्हणणं असं की उतारा ही मोजपट्टी आहे. रोज मोजल्यानं पोराची उंची वाढत नाही, त्यासाठी भाकर खावी लागते. आपण पोरांना दहा वर्षं भिंतीशी उभं करून खुणा करतोय आणि ताट कुणी वाढतच नाही. 'असर'च्या सर्वेक्षणातल्या इंग्रजी चाचणीत मुलाला शब्द किंवा वाक्य वाचता आलं, की त्याचा अर्थ वेगळा विचारतात. वाचता येणं आणि कळणं या दोन गोष्टी आहेत, हे त्यांनी गृहीत धरलंय. आपल्या घरात मात्र पोरगं खाडखाड वाचायला लागलं की पेढे.

दुसरं दुखणं शब्दांच्या यादीचं. आपण सगळेच 'एल आय ओ एन लायन, लायन म्हणजे सिंह' करत वाढलो. सिंहापुरतं ते ठीक. तो कुठंही गेला तरी सिंहच. पण एखाद्या परक्या माणसाला मराठीतला 'लागणे' यादीतून शिकवून बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, मेहकर सोडलं की पुढं लोणार लागतं आणि एखादं बोलणं मनाला लागतं. कोणता अर्थ लिहाल समोर? इंग्रजीतला 'फेल' तसाच. 'विदाउट फेल' म्हणजे न चुकता. 'फेलिंग विच' म्हणजे तसं न केल्यास. यात नापास कुठंच नाही. असे शब्द सोबत्यांसह, वाक्यात, पुन्हा पुन्हा भेटले तरच ओळखीचे होतात.

इथं माझंही पाप कबूल करतो. माऊ आठवीत गेली तेव्हा 'रोज पाच शब्द पाठ कर' म्हणून हजार शब्दांची यादी मीच तिला आणून दिली होती. 'फेल - नापास होणे' हे त्या यादीतलंच.

ही सगळी चर्चा काही नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्यात काम करत होता. त्याचं 'बायलिंग्वलिझम' हे पुस्तक १९२६ सालचं. बंगालमधली बरीच मुलं शिक्षण अर्ध्यात सोडतात हे पाहून त्यानं हिशेबी प्रश्न विचारला: जो मधेच शाळा सोडेल, त्याच्या हातात काय उरेल? त्यासाठी त्यानं विम्यातला शब्द वापरला, सरेंडर व्हॅल्यू. आपल्या घरांत हा शब्द समजावायला नको. पॉलिसी मधेच मोडली तर जे हातात पडतं ते. वेस्टचं म्हणणं, या मुलांना आधी वाचता येऊ द्या. थोडंच शिकलं तरी ते उपयोगी पडेल. मग त्यानं वाचनाची सोपी पुस्तकं रचली. अवघड, जुनाट शब्द काढून रोजचे घातले, नवा शब्द जपून आणला आणि आला की पुन्हा पुन्हा भेटेल असं पाहिलं.

माऊच्या दहा वर्षांच्या हप्त्यांची सरेंडर व्हॅल्यू काय? उधारीवरचा हरभरा.

वेस्टनंतर याचं गणितही मांडलं गेलं. न्यूझीलंडचे पॉल नेशन शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले अभ्यासक. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं त्यांचं संशोधन सांगतं. म्हणजे शंभर शब्दांत अनोळखी फक्त दोन. आपण पोरांसमोर ठेवतो त्या उताऱ्यात अनोळखी शब्द बरेचदा याहून जास्त असतात. मग ते बिचारं युक्ती शोधणार नाही तर काय करणार?

आणि फिजी. तिथल्या खेड्यांतल्या शाळांत १९८० च्या सुमारास एलि आणि मंगुभाई या दोघांनी चौथी-पाचवीच्या वर्गांत साधारण अडीचशे-अडीचशे इंग्रजी गोष्टीची पुस्तकं नेऊन ठेवली. मुलांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, शाळा साध्या. आठ महिन्यांनी पाहिलं तर वाचून समजण्यात ही मुलं नेहमीच्या पद्धतीनं शिकणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट वेगानं पुढं गेली होती. उपाय काय, तर गोष्टीची पुस्तकं!

आता तुमचे आक्षेप. शिक्षकमंडळींचा पहिला: बोर्डाच्या परीक्षेत उतारेच येतात, मार्क तर हवेतच. मान्य. म्हणून मीही माऊला सांगितलं, मार्चपर्यंत सरांचं ऐक, एप्रिलपासून माझं. शेवटचे दोन महिने खुशाल उतारे सोडवा. दहा वर्षं नकोत. दुसरा: खेड्यात पुस्तकं कुठून आणणार? पूर्वी हे खरं होतं. आता प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून गोष्टी फुकट वाचायला मिळतात, सोप्या पायरीपासून पुढं लावलेल्या, कित्येक तर मराठीत आणि इंग्रजीतही. मोबाईल तर घरोघरी आहे. तिसरा आक्षेप माऊचाच: "काका, हे तर लहान पोराइचं हाय!"

होय, लहान पोरांचंच. मला पटवायला आठवडा लागला. नियम एकच ठेवला. पान उघड, अनोळखी शब्द आला की एक बोट मोड. पाचही बोटं मोडली तर पुस्तक बंद, दुसरं घे. प्रश्नोत्तरं नाहीत, अर्थाची वही नाही. रात्री जेवताना गोष्ट आजीला मराठीत सांगायची, बस. आजीला युक्ती चालत नाही. "मंग त्या कोल्ह्याचं काय झालं?" असं ती विचारते, आणि गोष्ट कळली नसेल तर तिथं उतरवायला वाक्य नसतं.

माऊचं इंग्रजी झकास झालं असं म्हणणार नाही. बोलताना अजून अडखळते. पण आता मेसेज आला की सुटे शब्द न उचलता अख्खं वाक्य दोनदा वाचते, आणि नाही कळलं तर "नाही कळलं" म्हणते. मला तर हे दहापैकी दहापेक्षा मोठं वाटतं. निदान अंदाजानं मोबाईल खिशात जात नाही.

म्हणून पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या समस्त काका-मामा-आत्या-मावश्यांना विनंती. गावी येताना मिठाईचे डबे आणता, ते आणाच. सोबत तुमच्या पोरांची वाचून झालेली, सोपी, चित्रांची इंग्रजी पुस्तकंही आणा. जाडजूड डिक्शनरी नको, हजार शब्दांची यादी तर मुळीच नको. ओसरीवर एक जुनी पेटी रिकामी केली आहे. कुणी कोणतं पुस्तक नेलं याची नोंद माऊ ठेवते, आणि परत केलं नाही तर घरी जाऊन मागते.