जागच्या जागी का नाही?

मंडळी, आजची पोस्ट भांडणाची आहे. 'लिनक्स' हा शब्द दिसला म्हणून घरच्या वाचकांनी लगेच खिडकी बंद करू नये. भांडणाचा विषय तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे: कुठली वस्तू कुठे ठेवायची.

आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात ही गोष्ट कुणाला नव्याने शिकवावी लागत नाही. कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्यात जा, भिंतीवर 'फाइव्ह एस'चा फलक असतोच. त्यातला दुसरा एस म्हणजे सेइतोन: प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आणि प्रत्येक वस्तू आपल्या जागी. टूल बोर्डवर पान्याची आकृती रंगवलेली असते. पाना जागेवर नसला की रिकामी आकृती लांबूनही दिसते. काल कामावर लागलेल्या हेल्परलाही १३ चा पाना कुठे सापडेल ते विचारावं लागत नाही. भोसरीत बनलेला एम-८ चा बोल्ट चाकणच्या नटात बसतो, कारण आट्यांचं माप कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय. त्यावर रोज नव्याने वाद होत नाही.

आता गंमत बघा. याच कारखान्यांत पार्टचा फोटो काढून तपासणारा कॅमेरा, बारकोडचं लेबल छापणारा डबा, मशिनवरून आकडे गोळा करणारा छोटा संगणक, यातलं बरंच काही लिनक्सवर चालतं. आणि त्यावरचे फुटकळ पण महत्त्वाचे प्रोग्राम बहुतेक वेळा पायथन भाषेत लिहिलेले असतात. पायथनमध्ये सगळं स्वतः लिहायचं नसतं. चित्र वाचायला एक लायब्ररी, आकडेमोडीला दुसरी, कॅमेऱ्याशी बोलायला तिसरी. (लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून तयार ठेवलेला कोड. वाचनालय नव्हे!) या लायब्रऱ्या डिस्कवर नेमक्या कुठे असतात? तर याचं उत्तर असं: तुमचं लिनक्स कुठल्या घराण्यातलं आहे त्यावर अवलंबून.

डेबियन आणि त्याचं लेकरू उबुंटू आपल्या पायथन लायब्रऱ्या 'डिस्ट-पॅकेजेस' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. फेडोरा, रेड हॅट आणि त्यांच्या गोतावळ्यातले अल्मा, रॉकी वगैरे 'साइट-पॅकेजेस'मध्ये ठेवतात. तिथेही परत दोन खोल्या आहेत. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेलं ते 'लिब'मध्ये, आणि सी भाषेतून कंपाइल केलेलं ते 'लिब६४'मध्ये. फेडोराच्या फोल्डरच्या नावात पायथनचा पूर्ण आवृत्ती-क्रमांक असतो, डेबियनच्या फोल्डरच्या नावात नुसतं 'पायथन३'. रोबोटवाल्यांच्या रॉसने आपला संसार तिसरीकडेच, 'ऑप्ट'मध्ये थाटलाय. वापरण्याआधी त्याची एक फाइल चालवून पायथनला तो पत्ता सांगावा लागतो. पाना एकच, कपाटं चार.

हे कुणी दुष्टपणे केलेलं नाही, हेही सांगायला हवं. डेबियनवाल्यांची बाजू मला पटते. पायथन २.६ च्या काळात त्यांच्यापुढे खरी अडचण होती. कुणी स्वतः पायथन कंपाइल करून 'युएसआर-लोकल'मध्ये बसवलं, तर त्याच्या लायब्रऱ्या आणि सिस्टीमच्या पायथनसाठी हाताने बसवलेल्या लायब्रऱ्या एकाच फोल्डरमध्ये येऊन एकमेकींवर चढत. सिस्टीमची निम्मी कामं पायथनवर चालतात, म्हणजे मालकाच्या प्रयोगात घराची वायरिंग जळायची. म्हणून त्यांनी आपल्या फोल्डरचं नावच बदललं. दुखणं खरं होतं, पण औषध प्रत्येकाने आपापल्या घरी वाटलं.

हे औषध भाषेकडेच असायला हवं होतं. पर्ल भाषेने ते फार पूर्वी केलंय. तिच्या रचनेत तीन खोल्या आहेत: एक भाषेच्या स्वतःच्या सामानाची, एक 'व्हेंडर' म्हणजे डिस्ट्रोच्या सामानाची आणि एक 'साइट' म्हणजे त्या मशिनच्या मालकाच्या सामानाची. रुबीनेही व्हेंडरची वेगळी खोली दिली. पायथनने मूळ आराखड्यात ती दिलीच नाही. मग डेबियनने स्वतःच भिंत पाडून खोली काढली आणि शेजाऱ्यांनी आपापल्या सोयीने.

प्रमाणीकरणाचे प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. लिनक्समध्ये कुठल्या फोल्डरमध्ये काय असावं याचं पहिलं मानक १९९४ साली आलं. त्याचंच पुढे एफएचएस झालं आणि त्याची ३.० आवृत्ती २०१५ ची. 'युएसआर-लोकल' हे मशिनच्या मालकाचं, डिस्ट्रोने तिथे हात घालायचा नाही, एवढं त्यात स्वच्छ लिहिलंय. पण भाषांच्या लायब्रऱ्यांच्या खोल्या आतून कशा लावायच्या यावर ते गप्प आहे. एलएसबी नावाचा मोठा प्रयत्न झाला, त्यात पॅकेजचा साचा म्हणून रेड हॅटचा आरपीएम ठरला. डेबियनचा साचा मुळातच वेगळा, त्यामुळे ते लग्न मनापासून कधी लागलंच नाही. २०१५ साली डेबियनने एलएसबीचा बहुतेक पाठिंबा काढून घेतला आणि विषय तिथेच संपला.

'असेना का, आम्हाला काय त्याचं?' असं म्हणणाऱ्यांसाठी आता आमच्या इथलं उदाहरण.

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चं आयुष्य संपलं. हे फुकट मिळणारं लिनक्स कारखान्यांतल्या कितीतरी संगणकांवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होतं. बड्या ग्राहकांकडून विचारणा सुरू झाली की सुरक्षेचे अपडेट बंद झालेले संगणक बदलणार कधी? मी जिथे काम करतो त्या चाकणच्या छोट्या युनिटमध्येही कॅमेऱ्याचा संगणक उबुंटू २४.०४ वर नेला. बदल गुरुवारी केला, कारण त्या दिवशी सुट्टी. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला प्रोग्राम म्हणाला, लायब्ररी सापडत नाही.

लायब्ररी डिस्कवर होती, उबुंटूच्या भांडारातूनच रीतसर आलेली. पण ज्यांनी प्रोग्राम लिहून दिला होता त्यांनी त्यात 'लिब६४'मधल्या 'साइट-पॅकेजेस'चा पत्ता ठोकून बसवला होता, आणि प्रोग्राम तिथेच जाऊन शोधत होता. उबुंटूवर तो पत्ताच अस्तित्वात नाही. त्यांचा इंजिनिअर तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. तिथून त्याने फोनवर सांगितलं की पिप चालवून लायब्रऱ्या नव्याने घ्या. पिपने नकार दिला: हा पायथन सिस्टीमचा आहे, हात लावू नका. मग तो म्हणाला, नकार मोडायचा एक पर्याय आहे तो लावा. त्या पर्यायाचं नावच 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' आहे हो! लावला. त्याच जूनमध्ये आकडेमोडीच्या नंपायची २.० आवृत्ती आली होती. पिपने ती मालकाच्या खोलीत आणून बसवली आणि पायथनला तीच आधी दिसू लागली. कॅमेऱ्याची ओपनसीव्ही मात्र सिस्टीमच्या खोलीतली, जुन्या नंपायवर बेतलेली. दोघींचं जमेना. आधी नुसती न सापडणारी लायब्ररी आता सापडून कोसळू लागली.

परिणाम काय? दिवसभर दोन इन्स्पेक्टर टॉर्च आणि गेज घेऊन एकेक पार्ट हाताने तपासत बसले. टेम्पो गेटवर उभा. आमच्या ग्राहकाकडे माल तासाच्या हिशोबाने जातो. त्यांची लाइन थांबली तर डेबिट नोट आमच्या नावावर फाटते, कुठल्याही डिस्ट्रोच्या नावावर नव्हे. मोठ्या कंपनीत अशा कामाला अख्खा आयटी विभाग असतो. पंधरा-वीस माणसांच्या युनिटला तो नसतो. फोल्डरच्या नावावरून चाललेल्या मतभेदाचं बिल शेवटी भरतो तो असा सगळ्यात लहान माणूस. माझा खरा राग यावर आहे.

या विषयावर जाणकारांशी बोललं की तीन उत्तरं हमखास मिळतात.

पहिलं: पत्ता लिहायचाच कशाला? पायथनला विचारा, तो सांगतो. अगदी बरोबर. ज्याने पत्ता ठोकला त्याने वाईट काम केलं, यात वाद नाही. पण हे फक्त पायथनच्या आतून विचारणाऱ्याला लागू. सी++ मध्ये लिहिलेल्या कितीतरी लायब्रऱ्यांसोबत पायथनचा जोड येतो. त्यांची बांधणी करणाऱ्या स्क्रिप्ट 'साइट-पॅकेजेस' हे नाव गृहीत धरतात आणि डेबियनवर सामान अशा खोलीत टाकतात जिथे पायथन बघतच नाही. अनुभवी माणसं जिथे अडखळतात तिथे नवख्याला दोष देऊन भागत नाही. सामान्य माणसाचं सामान्य काम चुकू नये, यासाठीच तर मानक असतं.

दुसरं: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट किंवा कंटेनर वापरा, प्रत्येक प्रोग्रामला त्याचं स्वतंत्र कपाट द्या. मीही वापरतो आणि सोयीचं आहे. पण मग कुठल्या कपाटात काय आहे हे कोण बघतं? सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत गंभीर भोक सापडलं. पायथनच्या पिलोमध्ये तिची प्रत आतच भरून येते. डिस्ट्रोच्या खोलीतली लिबवेबपी एका अपडेटमध्ये सगळ्यांसाठी दुरुस्त झाली. स्वतंत्र कपाटांतल्या प्रती मात्र एकेक कपाट उघडून बदलायच्या. दहा मशिनवर दहा कपाटं, किल्ल्या लिहिणाऱ्याकडे, आणि तो नोकरी बदलून हिंजवडीला गेलेला. :-)

तिसरं उत्तर सर्वात लाडकं: विविधता हीच लिनक्सची ताकद. विविधता मलाही हवी. कुणी डेस्कटॉप असा ठेवावा, कुणी तसा. कुणी दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढावी, कुणी दोन वर्षांनी. पण शाफ्ट कितीही प्रकारचे बनवा, एम-८ च्या आट्यांची पिच प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवली तर त्याला आमच्याकडे विविधता म्हणत नाहीत, रिजेक्शन म्हणतात.

मग व्हावं काय? माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक भाषेने आपल्या मूळ आराखड्यातच तीन खोल्या नाव देऊन ठेवाव्यात: भाषेची, डिस्ट्रोची, मालकाची. डिस्ट्रोंनी ती नावं जशीच्या तशी वापरावीत. पॅच मारून बदलू नयेत. कुठली खोली आधी बघायची तो क्रमही सगळीकडे एकच असावा. आणि कुणी दुसऱ्याच्या खोलीत सामान टाकू लागला तर तिथल्या तिथे थांबवावं.

हे अशक्य आहे असं म्हणू नका, कारण यातला शेवटचा भाग झालेला आहे. आमच्या पिपने दिलेला तो नकार आठवतोय? तो २०२१ साली मांडलेल्या आणि २०२२ साली मान्य झालेल्या पीईपी ६६८ या प्रस्तावातून आला. पायथनवाले आणि डेबियनवाले यांनी तो मिळून लिहिला. डिस्ट्रोने एक खुणेची फाइल ठेवायची, पिपने ती पाहून मागे फिरायचं. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये तो लागूही झाला. म्हणजे एकत्र बसलं तर जमतं. दारावर 'आत येऊ नये' ही पाटी लावण्यावर एकमत झालं, मग खोलीच्या नावावर का होऊ नये?

आपल्या पट्ट्यातल्या लोकांच्याही हातात काहीतरी आहे. नवा पार्ट घेताना आपण सप्लायरकडून पीपीएपीची आख्खी फाइल मागतो: ड्रॉइंग, मटेरियल, मापं, सगळं. प्रोग्राम घेताना मात्र पेन ड्राइव्ह आणि बिल, बस. यापुढे पर्चेस ऑर्डरमध्ये तीन ओळी घाला. कुठल्या लायब्रऱ्या आणि कुठल्या आवृत्त्या लागतात त्याची यादी द्या. प्रोग्राममध्ये कुठलाही फोल्डर ठोकून लिहिलेला नसावा. आणि डेबियन व रेड हॅट अशा दोन्ही घराण्यांवर चालवून दाखवा. शंभर युनिटनी हे मागितलं तर लिहून देणारे आपोआप वरच्यांकडे तक्रार करतील. मानकं बहुतेक वेळा अशीच बनतात, ज्याला त्रास होतो त्याने खरेदी अडवून धरली की.

उबुंटू २४.०४ चा नेहमीचा पाठिंबा २०२९ मध्ये संपतो. अल्मा आणि रॉकीच्या आठव्या आवृत्त्यांचाही त्याच वर्षी. म्हणजे या पट्ट्यातले कितीतरी संगणक त्या सुमाराला परत एकदा इकडून तिकडे हलणार आहेत. तोवर खोल्यांची नावं ठरली तर ठीक. नाही ठरली, तर टॉर्चचे सेल आणून ठेवायला आम्ही स्टोअरला आत्ताच सांगून ठेवतो.